दोन मागांचा आवाज

आमच्या शेजारच्या परशाप्पांना हळू बोलता येत नाही. हा त्यांचा स्वभाव नाही, धंदा आहे. बेळगावच्या वडगावातल्या त्यांच्या खोलीत दोन यंत्रमागांच्या मधोमध उभं राहून माणसानं चाळीस वर्षं साड्या विणल्या, तर त्याचा घसा कर्ण्याचा होतो आणि कान नुसते चष्मा अडकवायला उरतात. आप्पा कुणाच्या मयताला गेले, तर सांत्वन असं करतात की घरच्यांना वाटावं आता मयत उठून बसतंय. एकदा माझ्या लग्नाआधी त्यांनी मला बाजूला घेऊन 'कुणाला सांगू नकोस' म्हणून एक गुपित सांगितलं होतं. ते खानापूर रोडवर बसची वाट बघणाऱ्या चौघांनी मला नंतर जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

कुजबुज ही कला त्यांच्या घशाला ठाऊकच नाही. गोष्टीला महत्त्व आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

त्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे एक वाक्य. "तुटलं तिथं गाठ मारायची आन् पुढं चलायचं." मागावर धागा तुटला की ते हेच म्हणत. गल्लीतलं नवरा-बायकोचं भांडण, पोराचं नापास होणं, जांबोटीच्या घाटात बंद पडलेली बस, सगळ्याला तोच इलाज. बसच्या ड्रायव्हरलाही त्यांनी तो सांगितला होता. ड्रायव्हरनं त्यांना गाठ मारायला गाडीखाली पाठवलं, आणि आप्पा खरंच गेले.

आता त्यांच्या घरात पक्षी कसे आले, ते सांगतो. त्यात दोष माझा आहे. पुढं जे जे बिघडलं, त्यातही माझाच आहे. मी उद्यमबागेत एका फौंड्रीत स्टोअरकीपर आहे. नटबोल्ट मोजणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा कलेची उबळ येते. तशी मला आली आणि मी निपाणीहून, हायवेला लागून घर असलेल्या एका पक्षीवाल्या मामांकडून, फिंचची जोडी आणली. मूठभर जीव, लालभडक चोच, आणि आवाज म्हणजे जत्रेतली पिपाणी. माझ्या बायकोनं तो आवाज अर्धा दिवस ऐकला आणि म्हणाली, "ह्या घरात एकतर ती दोघं ऱ्हातील न्हायतर मी." मी जरा विचारात पडलो, तेवढं तिला पुरलं. संध्याकाळी पिंजरा आप्पांच्या दारात.

आप्पा त्या वेळी घरात एकटेच होते. त्यांची बायको, म्हणजे सगळ्या गल्लीची आक्का, पुण्याला मुलाकडं गेली होती. नातू झाला म्हणून तीन महिन्यांसाठी गेली आणि नातू आता बालवाडीत जात होता. सूनबाई नोकरीला, मुलगा नोकरीला. पोराला कोण बघणार? आप्पा याबद्दल कधी काही बोलत नसत. म्हणजे ओरडत नसत.

"जोडी हाय न्हवं?" आप्पांनी विचारलं. तीन घरांतून तीन बायका जोडी बघायला बाहेर आल्या.

"नवी जोडी आहे," मी म्हणालो. "गालावरची लाली बघा की."

"दोघांच्याबी गालावर हाय."

"नवीन लग्न झालंय आप्पा."

त्या दिवसापासून मी गल्लीचा पक्षीतज्ज्ञ झालो. मोबाईलवर मी तीन व्हिडिओ बघितले होते, त्यातला एक पुरा. मी सांगायचो आणि आप्पा करायचे. उकडलेलं अंडं कुस्करून घाला म्हटलं, घातलं. राळ्याचे दाणे भिजवा म्हटलं, भिजवले. नारळाची करवंटी टांगून तिच्यात घरटं करू द्या म्हटलं, तर आप्पांनी अशा सहा करवंट्या टांगल्या. त्यासाठी महिनाभर त्यांनी सकाळ-संध्याकाळ ओल्या नारळाची चटणी खाल्ली.

याच सुमाराला आप्पांनी पुण्याच्या नातवाला फोनवर सांगितलं, की आपल्याकडं पक्षी आलेत आणि त्यांना पिल्लं होणार आहेत. नातू म्हणाला, "पिल्लं असली तर मी दिवाळीला येतो. नसली तर गोव्याला जातो." नातू येणार म्हणजे त्याच्याबरोबर आक्का येणार. आप्पांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं, की अंडी मीच घालायची आहेत.

दोन महिने झाले. अंडं नाही. दोघं पक्षी एकमेकांच्या अंगावर पिसं फुगवून नुसते पिपाण्या वाजवत. मी म्हटलं, स्वभाव जुळायला वेळ लागतो. शेवटी आप्पांनी चष्मा पुसला, पिंजऱ्याला नाक लावलं आणि सगळ्या वडगावाला सांगितलं, "सुऱ्या, अरं दोघंबी बाप्येच हायती रं."

लाली फक्त नराच्या गालाला असते. ते न बघितलेल्या व्हिडिओत होतं.

निपाणीच्या बसमध्ये आप्पा मांडीवर पिंजरा घेऊन बसले होते आणि कंडक्टरला, तंबाखूवाल्या शेटजींना, कोल्हापूरला निघालेल्या एका नवरीला माझी हुशारी सांगत होते. नवरीनं तर नवऱ्याकडं एकदा तपासून बघितलं. मामांनी एक नर ठेवून घेतला आणि बिनलालीची एक मादी दिली. आप्पांनी घरी येईपर्यंत त्यांची नावं ठेवली होती. नर तो धोट्या, कारण मागातल्या धोट्यासारखा सारखा इकडून तिकडं पळायचा. मादी ती कांडी, कारण बसली की सुताच्या कांडीसारखी गप्प आणि गुटगुटीत.

पिंजरा मागाच्या खोलीतच, खिळ्याला. मी म्हटलं होतं की एवढ्या खडखडाटात पक्षी कसे राहतील, तर आप्पा म्हणाले, "आमी ऱ्हायलाव की."

कांडीला घरटं करायला गवत लागणार होतं. पण गवत घालतील ते आप्पा कसले? विणकराच्या घरची लेक, असं म्हणून त्यांनी तिला रेशमी धागा दिला. अंजिरी, मोरपंखी, शिवाय थोडी सोनेरी जर. कांडीनं दोन दिवसांत असं घरटं विणलं की लग्नात रुखवतावर मांडावं. मी तर व्हिडिओ काढून फौंड्रीत सगळ्यांना दाखवला आणि शाबासकी घेतली. तिसऱ्या दिवशी तोच अंजिरी धागा तिच्या पायात गुरफटला. ती करवंटीच्या खाली उलटी लोंबकळत होती आणि धोट्या पिपाणी फुटेस्तोवर ओरडत होता.

मी आप्पांना त्यांचंच वाक्य ऐकवायला तोंड उघडलं होतं. आप्पा म्हणाले, "सुम्म बस, गप ऱ्हा. हितं गाठ मारायची न्हाय, सोडवायची हाय."

हजार धाग्यांतून तुटलेला एक धागा नुसत्या बोटानं शोधणारा हा माणूस. त्या काडीएवढ्या पायावरनं त्यांनी तो धागा असा काढला, की तिला बहुतेक गुदगुल्यासुद्धा झाल्या नसतील. मग सगळं रेशीम उपसून काढलं आणि खाली बसून गवताचे चार-चार बोटांचे तुकडे केले. एक लांब राहिला म्हणून परत कापला.

आठवड्यात चार अंडी. शेंगदाण्याएवढी, पांढरी. आप्पांनी बातमी दिली ती थेट बेळगाव स्टेशनपर्यंत गेली असावी, कारण गाडी थोडी उशिरा सुटली म्हणतात.

इथं मी माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा सल्ला दिला. "आप्पा, आता तिला संपूर्ण शांतता पाहिजे. चौदा दिवस. व्हिडिओत सांगितलंय."

आप्पांनी दोन्ही माग बंद केले. दिवाळी तोंडावर, साड्यांची ऑर्डर अर्धी, तरी बंद. हळू बोलता येत नाही म्हणून घरात बोलणंही बंद. ते माझ्याशी मागवाल्यांच्या खुणांनी बोलू लागले. तळहात पालथा म्हणजे कांडी बसली आहे, बोट फिरवलं म्हणजे धोट्याची पाळी. मी एकदा चहा पाहिजे म्हणून खूण केली, तर त्यांनी मला अंडं उकडून दिलं.

पण गल्लीचे हाल झाले. चाळीस वर्षं त्या खट्याक-खट्याकवर गल्ली झोपत, उठत आणि दूध तापवत होती. आता दुपारच्या शांततेत कुणाचा डोळा लागेना. माझ्या आईची भाकरी मागाच्या तालावर थापली जायची. ती चौकोनी होऊ लागली. आमच्या घरात तर मला माझ्या बायकोचं बोलणं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. आमचा संसार इतका सुखाचा का होता, ते मला तेव्हा कळलं.

दोन दिवस कांडी कशीबशी बसली. तिसऱ्या दिवशी, रविवारी साडेपाचच्या सुमाराला, ती अंड्यांवरून उठली आणि दांडीवर जाऊन मान ताणून बसली. धोट्याही तिच्याशेजारी. करवंटीत अंडी उघडी. आप्पा पिंजऱ्यासमोर स्टुलावर. त्यांनी मला तळहात उताणा करून दाखवला. ही खूण मला कुणी शिकवलेली नव्हती, पण कळली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. पुण्याहून आक्का.

"सुरेश, खरं सांग. ह्यांना बरं न्हाय काय? रोज सांजच्याला फोन लावते तर भाईर रस्त्यावर जाऊन म्हणतात लाईट गेलीया, म्हणून माग बंद. तीन दिस लाईट जातीय व्हय?"

मी अंगणात जाऊन तिला सगळं सांगितलं. अंडी, शांतता, व्हिडिओ. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कुणाच्या डोक्यातनं आलं हे?"

"व्हिडिओत..."

"तुझ्याच. अरं, आमचं पोरगं पाळण्यात होतं तवा माग चालू असला की गाढ झोपायचं. थांबला की दचकून उठायचं. म्या नुसती चहाला उठले तरी टाहो. त्या पाखरांनी ह्या घरात आल्यापासनं काय ऐकलंय? त्यास्नी वाटत असंल, काय इपरीत झालंय म्हणून समदं गप्प हाय. जा, माग चालू कर म्हणावं."

मामांच्या घरी हायवेचे ट्रक, आप्पांच्या घरी माग. त्या पक्ष्यांनी जन्मात शांतता बघितली नव्हती. मी आत जाऊन निरोप सांगितला. आप्पांनी खटका दाबला. खट्याक-खट्याक सुरू झालं. शेजारून माझ्या आईचा सुस्कारा ऐकू आला. आणि चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात कांडी टुणकन उडून करवंटीत गेली, अंग हलवून अंडी पोटाखाली घेतली आणि डोळे मिटले.

मी टाळी वाजवणार होतो, तर सहाच्या ठोक्याला आप्पांचा फोन वाजला, आक्काचा रोजचा. आप्पा घाईनं दुसऱ्या मागाकडं गेले. त्याच्यावर नेहमी आक्काची एक जुनी साडी पांघरलेली असे. धूळ बसू नये म्हणून असेल, असं मी समजत होतो. त्यांनी ती साडी ओढून काढली, खटका दाबला आणि फोन दोन्ही मागांच्या मधे धरला.

त्या दुसऱ्या मागावर ताण्याचा एक धागा नव्हता. फणी पुढं-मागं होत होती, धोटा इकडून तिकडं पळत होता आणि कापड काहीच नाही. पार मोकळा माग, जीव तोडून चाललेला. मी रोज त्या खोलीत येत होतो. पण उद्यमबागेची बस मला साडेसातला घरी सोडते, रविवारी सहाला मी बाजारात असतो, आणि आलो की माझे तज्ज्ञाचे डोळे पिंजऱ्यावर.

"चालू झालं बघ," आप्पा फोनमध्ये ओरडले. "आली लाईट."

फोन ठेवल्यावर त्यांनी माग थांबवले नाहीत. दोन माग चालू असले की आप्पांचं ओरडणं फक्त समोरच्यालाच ऐकू जातं. एवढी एकच जागा होती त्यांना, गुपित सांगायची.

"तो तिचा माग. सव्वीस वर्सं चालवला तिनं. आता त्येला माणूस न्हाय. पर एका मागाचा आवाज निराळा असतोय सुऱ्या, दोनाचा निराळा. फोनवर तिला कळतंय. एकच ऐकला तर म्हणंल, एकटा पडला म्हातारा. आन् तिकडचं पोर टाकून येईल."

"मग येऊ दे की. तुम्हाला तेच पाहिजे की."

"यावं की. पर माजी कीव करून न्हाय. पिल्लं बघाय यावं."

आणि त्यांनी मान वळवून कांडी बसली आहे का ते बघितलं.

चारांतली तीन अंडी फुटली. चौथ्यावर आप्पांनी आणखी आठवडाभर आशा ठेवली. मीही ठेवली, कारण व्हिडिओ.

दिवाळीच्या दोन दिवस आधी पुण्याची मंडळी उतरली. नातू धावत पिंजऱ्यापाशी गेला, अर्धवट पिसांची तीन पिल्लं बघितली आणि म्हणाला, "एवढीशीच?" आप्पांनी त्याला उचलून करवंटी दाखवली. मुलगा आणि सून पिल्लांचे फोटो काढू लागले. मी, पक्षीतज्ज्ञ म्हणून, माहिती देण्यासाठी दारात उभा होतो. कुणी विचारली नाही.

फराळ झाल्यावर मुलगा-सून पोराला घेऊन बाजारात गेले, मी घरी आलो. आमची भिंत एकच आहे. मी तिला कान लावला असं म्हणणार नाही. कान भिंतीजवळ होता.

आक्का मागाच्या खोलीत गेली होती. साडी ओढल्याचा आवाज आला.

"तीन वर्सं मोकळाच पळवताय न्हवं?"

आप्पांचं स्टूल करकरलं.

"ताणा नसलेला माग कसा वाजतोय, ते मला कळत न्हाय व्हय? सव्वीस वर्सं काय ऐकलं म्या?"

"मग बोललीस का न्हाईस गं?" हे आप्पा. गल्लीच्या टोकाला कुणीतरी फटाका लावायचा थांबला.

"बोलले असते तर बंद केला असता तुमी. मग म्या तिकडं काय ऐकायचं?"

पिल्लं चिवचिवली. मग आक्का म्हणाली, "पोराला पुढच्या जूनला मोठ्या शाळेत घालतेत. दिसभर शाळा. तवर ह्येच्यावर ताणा चढवून ठेवा. आन् आदी त्याल घाला, कसा कुरकुरतोय बघा."

यावर परशाप्पा काहीतरी म्हणाले. मी भिंतीला पुरता कान लावला, मग खिडकीत गेलो, शेवटी बायकोलाही गप्प केलं. पण शेजारी राहून आयुष्यात पहिल्यांदाच मला आप्पांचं बोलणं ऐकू आलं नाही.