सेहेचाळीस शून्यं आणि एक कोंबडी

"पी बरोबर शून्य? शून्य कधी असतं का?" साहेबांनी कागद टेबलावर आपटला. "शून्य म्हणजे अशक्य. खरा आकडा आणा. आणि पाचच्या आत अहवाल पोर्टलवर चढला नाही, तर तुमच्या कायम होण्याचं मी काही सांगू शकत नाही."

कुक्कुटखाद्याच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं हंगामी म्हणून राबलेली संशोधिका कागद उचलून बाहेर आली. तिने नवं खाद्य आणि जुनं खाद्य, चाळीस-चाळीस कोंबड्या, असा प्रयोग केला होता. दोन्ही गटांतला फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता म्हणजे पी. ती जितकी कमी, तितका साहेबांना आनंद. सॉफ्टवेअरने छापलं होतं ०.०००.

"अहो, ते दशांशाची तीनच घरं दाखवतं," कॉम्प्युटरवाले काका म्हणाले. "पुढे असेल की काहीतरी. दुसऱ्या सॉफ्टवेअरला विचारू."

दुसऱ्याने फक्त "फारच कमी, अमुक इतक्याहून कमी" एवढंच सांगितलं. काकांनी पडद्यावर कुठली तरी खिडकी उघडली, दोनदा चष्मा पुसला आणि शेवटी आकडा ओढून काढला. दशांशचिन्हानंतर सेहेचाळीस शून्यं, मग एकदाचा तीन.

साहेब खूश झाले. "सगळी शून्यं लिहा. लोकांना दिसू देत." सगळी शून्यं लिहिल्यावर तक्ता पानाबाहेर गेला. पान आडवं केलं, तर पुढचे सगळे तक्ते विस्कटले. कसंबसं जमवून ती पोर्टलकडे वळली, तर तिथे चारच घरं. पोर्टलने उरलेली कापून टाकली आणि लाल अक्षरांत बजावलं: किंमत शून्य असू शकत नाही.

साडेचार वाजले होते. तिला कॉम्प्युटर खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

तेवढ्यात शेडवरच्या मावशी वजनाच्या तक्त्यावर सही करायला आल्या. कोंबड्या त्याच तोलायच्या. आडवं पान त्यांनी लांब धरून वाचलं.

"बाई, ही नव्या खाद्यावरची कोंबडी दोन हजार एकशेचाळीस किलोची? मग शेडमध्ये मावली कशी?"

संशोधिकेने पान हिसकावलं. नव्या खाद्याच्या शेडमधला काटा ग्रॅममध्ये, जुन्याच्या शेडमधला किलोमध्ये. तिने दोन्ही रकाने तसेच चिकटवले होते. सकाळपासून तिघांनी तो कागद पंधरा वेळा पाहिला होता, पण पीच्या पलीकडे कुणाचा डोळा गेलाच नव्हता.

तिने ग्रॅमचे किलो केले, गणित पुन्हा चालवलं. पी आला ०.४१२७. म्हणजे नव्या खाद्याने काहीच फरक पडल्याचं दिसत नव्हतं. तिने तक्ता बदलला, निष्कर्षात तेवढंच वाक्य लिहिलं, आकडा पोर्टलमध्ये भरला. पोर्टलने कुरकुर न करता हिरवी खूण दिली. पाचला चार मिनिटं होती.

ती धीर करून साहेबांपुढे उभी राहिली. "सर, आकडा बदलला. अहवाल चढला."

साहेबांनी पावती पाहिली, कायम करायच्या कागदावर सही ठोकली आणि समाधानाने मागे रेलले.

"बघा," ते म्हणाले, "मी सकाळपासून सांगतोय, शून्य नसतं म्हणून."