नुसता घसा

परबकाकांच्या खोलीत खोकायला परवानगी होती, 'खोकला' म्हणायला नव्हती. "घसा म्हणायचं. नुसता घसा," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं.

आखातात, रुवैसच्या कामगार कॅम्पात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. ते मालवणकडचे जुने वेल्डर, मी मुंबईहून आलेला नवा स्टोअरकीपर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हेल्थ कार्ड असलं की सरकारी इस्पितळात परदेशी माणसालाही जवळजवळ फुकट औषध मिळे. काकांना हेच खुपायचं. "फुकट कशाला देतील रे? कोण आजारी ते कळावं म्हणून! मग व्हिसाच्या वेळी खलास." त्यांचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बनियनच्या खिशात असे. वापरलं मात्र कधीच नाही. दाढ सुजली तेव्हा हा माणूस लवंग चावत वेल्डिंग करत राहिला. इस्पितळातला एक वॉर्डबॉय त्यांच्या गावचा निघाला, तर त्याच्याशी बोलणंच बंद. हेर असणार!

मला खोकला झाला तेव्हा त्यांनी आपली खाट पार भिंतीला लावली आणि माझा पेला वेगळा केला. "मुंबईहूनच घेऊन आलास ना?" मला भयंकर राग आला. व्हिसाचं मेडिकल आठवड्यावर आलं होतं. छातीच्या फोटोत काही दिसलं, की घरी रवानगी. आणि मेडिकल पास झाल्याशिवाय कार्ड नाही. म्हणजे आधी ठणठणीत असल्याचं दाखवा, मग औषध घ्या! केमिस्टच्या बाटल्या संपल्या, खोकला हटेना. मी रडकुंडीला आलो.

एका दुपारी काका इस्त्रीचा शर्ट घालून कुठेसे गेले. परतल्यावर औषधांची पिशवी माझ्या खाटेवर टाकली.

"कुठून आणलीत?"

"इस्पितळातून. माझ्या कार्डावर."

"पण तुम्हाला काय झालंय?"

"तुझ्यासारखं खोकून दाखवलं. ऐकून ऐकून पाठ झालाय." ते खाली बसले. "डॉक्टर मल्याळी. हिंदीतला शब्दच आठवेना मेला. सगळ्यांदेखत 'खोकला, खोकला' ओरडलो."

मला हसू आलं. त्यांना नाही.

"उद्या माझ्या छातीचा फोटो काढायला बोलावलंय," ते म्हणाले.

"काका, जाऊ नका."

"नाही गेलो तर संशय येईल रे त्यांना."

मग त्यांनी गोळी काढली, स्वतःच्या पेल्यात पाणी ओतलं आणि पेला माझ्यापुढे धरला.