केळुस्करांचा अडकलेला टॉवर

वासुदेव केळुस्करांशी बोलताना मधेच तोंड घालायची सोय नव्हती. आपलं बोलणं संपलं की ते 'ओव्हर' म्हणत, मग आपला नंबर. त्याआधी कुणी बोललं तर हात वर करून त्याला थांबवत. "मी अजून बटण सोडलेलं नाही!" धरणाकाठच्या दुधनीहून मासे घेऊन येणारी बाईसुद्धा पाटी उतरवता उतरवता "साहेब, ताजा छे, ओव्हर" म्हणून मोकळी व्हायची. केळुस्कर मासा हातात घेऊन उसासा टाकत. "धरणातला. याला समुद्र माहीत नाही. ओव्हर." आणि तोच घेत.

गृहस्थ मूळचे वेंगुर्ल्याचे. सिल्वासात जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचे आणि उरलेल्या वेळात हौशी रेडिओवाले. म्हणजे सरकारी परवाना काढून, घरात मांडलेल्या यंत्रावरून, आपल्यासारख्याच दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलायचं. मी त्यांचा शेजारी. जळगावकडचा, जवळच्या सायली गावातल्या एका सूतगिरणीत इलेक्ट्रिशियन. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. आमची भिंत एकच होती, त्यामुळे त्यांचा रेडिओ मला फुकटात ऐकू यायचा.

घरामागे रेडिओच्या एरियलचा टॉवर होता. एकात एक बसणारे लोखंडी सांगाडे. बटण दाबलं की मोटर तारेचा दोर गुंडाळायची आणि टॉवर पन्नास फूट उंच व्हायचा. पाहुणा आला की चहाच्या आधी टॉवर वर जाऊन खाली यायचा.

एका पावसाळ्यानंतर तो खालीच अडकला. बटण दाबलं तरी मोटर ढिम्म. मी मोठ्या उत्साहानं पक्कड आणि पाने घेऊन गेलो.

"थांबा," केळुस्कर म्हणाले. "त्याच्यावर इलाज चालू आहे. ओव्हर."

इलाज असा, की दर रविवारी सकाळी आठ वाजता रेडिओवर एक माणूस यायचा. केळुस्कर त्याला 'ओल्ड मॅन' म्हणत. ती त्या मंडळींची रीतच, विशीतल्या पोरालाही तसंच म्हणतात. आधी एकमेकांचा आवाज कसा येतोय ते सांगायचं, मग हवा, मग मोटर.

"गेल्या वेळी सांगितल्याप्रमाणे फ्यूज तपासला. ठीक आहे."

"उत्तम. या आठवड्यात फक्त मेन स्विचपाशी व्होल्टेज मोजावे. घाई नको."

एक रविवार, एक तपासणी. फ्यूज झाला, व्होल्टेज झालं, बटण झालं. मोटर गुणगुणतसुद्धा नव्हती, मग कपॅसिटरचा काय दोष? पण तोही तपासून झाला. दोन रविवार नुसते अर्थिंगवर गेले. टॉवर खाली असल्यानं खरखर इतकी, की प्रत्येक वाक्य तीनतीनदा सांगावं लागे, आणि दोघंही ते आनंदानं तीनतीनदा सांगत.

माझं डोकं फिरायचं. आमच्याकडे मशीन पाच मिनिटं बंद पडलं की सुपरवायझर "क्या कर रहा है रे, सो गया क्या?" म्हणून डोक्यावर उभा. आणि इथे अडीच महिने!

शेवटी एका शनिवारी, केळुस्कर कचेरीत असताना, केळुस्करकाकूंना सांगून मी शिडी आणि टेस्ट लॅम्प घेऊन मागे गेलो. वीस मिनिटांत दुखणं सापडलं. टॉवर पुरता वर पोचला की मोटर थांबवणारा एक स्विच असतो, लिमिट स्विच. त्याच्या डबीत मुंग्यांनी माती भरली होती. स्विच दबलेलाच राहिला होता, त्यामुळे टॉवर वर पोचलाय असं समजून मोटर सुरूच होत नव्हती. साफ केलं, बटण दाबलं, टॉवर सरसर वर गेला.

संध्याकाळी केळुस्कर आले आणि फाटकातच थांबले. मान वर करून बघत राहिले. मला वाटलं, आता पाठ थोपटतील.

"झालं होय," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला.

"टॉवर चालू झाला."

"दोष काय निघाला?"

"लिमिट स्विच. मुंग्या."

"अच्छा."

"हवा ठीक?" "ठीक." "मग थांबूया." पाऊण तासाचं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. पुढचा रविवारही तसाच गेला.

सोमवारी काकूंनी मला गाठलं. "तुम्ही आपलं चांगलंच केलंत हो. पण आता ते बोलतील काय?"

तो ओल्ड मॅन म्हणजे केळुस्करांचे सख्खे थोरले भाऊ, नाना. आई गेली तेव्हाची तार सिल्वासाला तिसऱ्या दिवशी पोचली. केळुस्कर वेंगुर्ल्यात धडकले तोवर सावडणंही उरकलं होतं. 'माझ्यासाठी थांबला नाहीस' म्हणून जो अबोला धरला, तो सहा वर्षं. पत्र नाही, चतुर्थीला जाणं नाही. काकू इथे मोदक करत, तेव्हा केळुस्कर त्यातला एक नानांचा म्हणून बाजूला काढत आणि दुपारी गुपचूप स्वतःच खात.

"पण काकू, दर रविवारी तर बोलतात की!"

"ते बोलणं नव्हे म्हणे. परवान्याचा नियम आहे ना, यंत्राबिंत्राचं बोला नाहीतर किरकोळ बोला, घरची गाऱ्हाणी काढायची नाहीत. तेवढंच बोलतात. म्हणजे अबोला मोडला असंही होत नाही."

आयुष्यात शेकडो मोटरी दुरुस्त केल्या, पण दुरुस्त केल्याची लाज मला तेव्हाच वाटली. त्या शनिवारी मी पुन्हा शिडी घेऊन मागे गेलो, एखादी वायर हळूच ढिली करावी म्हणून. केळुस्करांनी पाहिलंच.

"नको. खोटा बिघाड त्याला लगेच कळेल. चाळीस वर्षं बंदरावरच्या मोटरी दुरुस्त केल्यात त्यानं." मग टॉवरच्या खांबावर हात ठेवून हळूच म्हणाले, "त्याचा आवाज हल्ली थेट आईसारखा येतो हो."

रविवारी त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. ती दोन मिनिटं एकट्यानं काढवत नसावीत. आवाज कसा येतोय ते सांगून झालं, हवा झाली. 'थांबूया' म्हणायला केळुस्करांनी माईक उचलला, तेवढ्यात पलीकडून आवाज आला. पुस्तकी मराठी सोडून, घरच्या मालवणीत.

"वासू, माझो पंप पाणी खेचणा नाय रे. नुसतो गुणगुणता. काय करूचा, सांग मरे."

गुणगुणणारी मोटर! आमच्याकडचा हेल्परसुद्धा झोपेत सांगेल, आधी कपॅसिटर बघा म्हणून. आणि हे चाळीस वर्षं मोटरींत मुरलेले मिस्त्री धाकट्या भावाला विचारत होते.

मी केळुस्करांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा पुसले. मग माईकचं बटण दाबलं.

"नाना, पयलो फ्यूज बघ. ह्या आठवड्यात तितकोच बघ. बाकीचा फुडल्या आयतवाराक."