तांबेकाकांचा राहिलेला पेपर

रविवार, ३ सप्टेंबर २००६. परीक्षा फी ३४० रुपये. खिडकीशी तिघे: आतला क्लार्क, मी आणि आमचे शेजारी तांबेकाका. काकांचं वय त्रेसष्ट. बी.ए.चा एकच पेपर राहिलेला, आधुनिक जगाचा इतिहास. त्याला चौथ्यांदा बसत होते.

"परत?" क्लार्कने विचारलं.

"त्याचं तात्कालिक कारण वेगळं आणि मूलभूत कारणं वेगळी," काका म्हणाले. मागे रांग होती. फॉर्म मात्र मीच भरतो, कारण पत्त्याच्या रकान्यातही ते पार्श्वभूमी लिहितात.

एका लहानशा विद्यापीठाचं हे केंद्र भाईंदर पश्चिमेला, झेरॉक्सच्या दुकानावर, दोन खोल्यांत. दर रविवारी काका तिथे चौदा पोरांबरोबर बसतात आणि उरलेले सहा दिवस जेसल पार्कात आमच्या बिल्डिंगला शिकवतात. कशालाही कारणे, स्वरूप, परिणाम. एकदा पाण्याचा पंप जळला. काका जिन्यात उभे राहून म्हणाले, "ठिणगी आज पडली, पण असंतोष जुना होता."

"काका, वो सब ठीक है," तिसऱ्या मजल्यावरच्या शहाबेन म्हणाल्या, "पानी कितने बजे आएगा?"

"परिणामांकडे नंतर येऊ."

माझी मुलगी सई त्याच वर्गात. सत्तावीस संध्याकाळी काकांनी तिला आमच्या जेवणाच्या टेबलावर पहिलं महायुद्ध शिकवलं. मिठाची बरणी ऑस्ट्रिया, लोणच्याची सर्बिया. बायकोने मीठ उचललं की म्हणायचे, "थांबा वहिनी, अजून युद्ध जाहीर व्हायचंय." आमटी अळणी.

डिसेंबरात निकाल लागला. सईला एकाहत्तर, शिकवणाऱ्याला अकरा.

"बाबा, काका अर्ध्या तासात पेपर देऊन निघून गेले," सई म्हणाली.

जुळत नसलेला आकडा मला झोपू देत नाही. मी सरळ त्यांचं दार वाजवलं.

"काका, खरं सांगा. येत होतं ना?"

"येत होतं."

"मग फॉर्म कशाला भरायला लावता मला?"

पहिल्यांदाच त्यांनी कारणांचे प्रकार पाडले नाहीत. "पास झालो की रविवार संपले, परब. तिथे सर हजेरी घेतात. गजानन विश्राम तांबे. वडिलांच्या नावासकट. आमची ही गेल्यापासून आठवड्यात तेवढंच कुणी विचारतं, मी आहे की नाही."

भांडायला गेलो होतो, ते राहून गेलं. मी खिशातलं पेन काढलं.

"एम.ए.ला दोन वर्षं. त्याच खोल्या, तेच सर. पेपर आठ. दर वेळी एकेक राहू दिलात तर..."

"किती वर्षं निघतील?"

"भरपूर. पण आधी बी.ए. सुटायला हवं."

एप्रिलमध्ये काका पूर्ण तीन तास बसले. चार पुरवण्या, अठ्ठ्याहत्तर मार्क. सईपेक्षा सात जास्त, हे ते तिला अजून ऐकवतात.

रविवार, १ जुलै २००७. एम.ए. प्रवेश, २,१५० रुपये, त्याच खिडकीतल्या त्याच क्लार्कला रोख दिले. त्याने पावती फाडताना फॉर्मवरचं नाव वाचलं. "गजानन विश्राम तांबे?"

"हजर," काका म्हणाले.