फ्राउ हार्टविग फलक वाळत घालतात

दर वसंतात ऊन जरा पक्कं झालं की तळमजल्यावरच्या फ्राउ हार्टविग मागच्या अंगणात, कपड्यांच्या दोरीवर, पन्नास वर्षांपूर्वीच्या मोर्च्यांचे कापडी फलक वाळत घालतात. तळघरातली ओल जावी म्हणून. दोरी सगळ्या बिऱ्हाडांची. त्यामुळे ‘माझं पोट माझंच आहे’ या घोषणेशेजारी माझे दोन बनियन आणि ‘समान कामाला समान पगार’च्या खाली दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांचे मोजे लोंबतात. न्यायाधीशांनी एकदा तक्रार केली. बाईंनी त्यांना ब्रश आणि रंगाचा डबा दिला आणि पुसट झालेली अक्षरं गिरवायला लावली.

बाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना बसलेलं मी पाहिलेलं नाही. चहाला आल्या तरी कप घेऊन खोलीभर फिरतात, पुस्तकं उलटसुलट करतात, खिडकी उघडतात, लावतात. खुर्ची पुढे केली की म्हणतात, “बाई बसली की कोणीतरी तिला उठवतंच. कॉफी आणायला.”

आमची पहिली ओळख जिन्यात झाली. बॉनमधल्या आमच्या इमारतीत जिना पुसायची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते. आमची पाळी होती आणि वैशाली, माझी बायको, पुसत होती. मी ऑफिसातून येऊन बुटांचे ठसे उमटवत वर निघालो होतो. बाईंनी वैशालीच्या हातातला मॉप घेऊन माझ्या हातात दिला आणि मी तीन मजले पुसून होईपर्यंत मागे उभ्या राहिल्या. “कोपरे, हेर कांबळे. पुरुष नेहमी मधोमध पुसतात.” तेव्हापासून जिना मी पुसतो.

त्यांच्या तरुणपणी पश्चिम जर्मनीत कायदाच असा होता, की घर सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. तो बदलावा म्हणून बाई रस्त्यावर उतरल्या. गर्भपातबंदीच्या कायद्याविरुद्ध घोषणा दिल्या, नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायकांसाठी घरं शोधली, आळीपाळीने एकमेकींची मुलं सांभाळली. एकदा पोलिसांनी धरून नेलं, तर चौकीतल्या एकुलत्या एका टायपिस्ट बाईलाच कॉफी का करावी लागते, यावर त्यांनी तिथे अर्धा तास भाषण दिलं. शेवटी साहेबाने स्वतः कॉफी केली. “फार वाईट होती,” बाई सांगतात, “पण मी सगळी प्यायले.”

हे ऐकताना मी हसायचो आणि आतून अस्वस्थ व्हायचो. कारण सांगतो. वैशाली औरंगाबादला पॅथॉलॉजी लॅब चालवायची. माझ्या नोकरीसाठी ती सोडून इकडे आली. तिच्या पदवीला इथे मान्यता मिळावी म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही अर्ज भरला. माझं जर्मन बरं म्हणून घरचे सगळे कागद माझ्याकडे. तिने सह्या केल्या, मी पाकीट बंद केलं आणि ते माझ्या फायलीतच राहिलं. आधी विसरलो. मग लेक लहान आहे म्हणालो, स्वतःशीच. मग घरी आल्यावर गरम भाकरी मिळते, हेही होतंच. वैशाली विचारायची तेव्हा मी म्हणायचो, “अगं, इथली ऑफिसं. वेळ लागतो.”

आणि या एप्रिलमध्ये एका दवाखान्याच्या लॅबने तिला बोलावलं. जागा होती. मान्यतेचा कागद किंवा निदान अर्ज पोचल्याची पावती महिनाअखेरपर्यंत हवी होती. ती रोज टपालपेटी दोनदा उघडू लागली.

त्या शनिवारी मी बाईंचे फलक गुंडाळून तळघरात ठेवायला मदत करत होतो. वैशालीच्या कागदाचं काय झालं, असं त्यांनी सहज विचारलं. मी सगळं सांगून टाकलं. आता भाषण होणार म्हणून मान खाली घातली.

बाई हातातली दोरी गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझा नवरा, डीटर, माझ्या साहेबाकडे गेला होता. घराची आबाळ होते म्हणाला. दोघांनी मिळून माझी नोकरी संपवली. मला साहेबाच्या सेक्रेटरीकडून कळलं.”

“तुम्ही त्यांना विचारलं नाहीत?”

“नाही. तो स्वतः सांगेल म्हणून थांबले. बाहेर हजार बायकांसमोर बोलायचे आणि घरी येऊन थांबायचे. अकरा वर्षांपूर्वी तो वारला, तोपर्यंत थांबले.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तो वाईट माणूस नव्हता, हेर कांबळे. तुमच्यासारखाच होता. वर जा.”

मी वर गेलो. वैशाली कणीक मळत होती. मी सांगितलं. तिने हात धुतले, नीट पुसले.

“पाकीट कुठंय?”

मी दिलं. “सोमवारी मी स्वतः...”

“तू हात लावू नकोस त्याला,” ती म्हणाली आणि पाकीट घेऊन खाली गेली.

दोन तास झाले. पोळ्या मी केल्या, कशाबशा. तिला बोलवायला खाली गेलो तर बाईंनी दार जेमतेम उघडलं. आत जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले, शब्दकोश उघडा, वैशाली मान खाली घालून नवा अर्ज लिहीत होती.

“जेवायला...” मी म्हणालो.

“हळू,” बाई कुजबुजल्या. “त्या खुर्चीवर अकरा वर्षं कोणी बसलेलं नाही.” मग माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या अशा आवाजात म्हणाल्या, “अजून थोडा वेळ राहू द्या तिला.”