खोकडरावांच्या दारावरचे तुरे

एका जंगलात, मुलांनो, कायद्याचं राज्य होतं. हसू नका, खरंच होतं.

तिथे ‘खोकड आणि मुंगूस’ नावाची वकिलांची फर्म होती. कुणी कुणाला तुडवलं की तुडवलेला कोर्टात जायचा आणि तुडवणारा या फर्ममध्ये यायचा. खोकडराव तिथले मोठे वकील. हत्तीच्या पायाने सशाचं बीळ खचलं, तेव्हा त्यांनी भर कोर्टात सशाला विचारलं,

“हत्तीला पाय असतात, हे तुला ठाऊक होतं की नव्हतं?”

“होतं,” ससा म्हणाला.

“आणि तरीही जमिनीखाली राहिलास?”

न्यायाधीश कासवांनी मान आत घेतली. बऱ्याच वेळाने बाहेर काढली आणि निकाल दिला, की जो जाणूनबुजून पायांखाली राहतो त्याने तक्रार करू नये. बिचाऱ्या सशाने ती थंडी उघड्यावर काढली.

खटला जिंकला की दारावर मोरपिसाचा तुरा खोचायचा, अशी फर्मची रीत होती. खोकडरावांच्या बिळावर इतके तुरे झाले, की आत-बाहेर करताना पोरांना शिंका यायच्या.

त्या वर्षी त्यांना ‘वनभूषण’ पुरस्कार जाहीर झाला. निवड समितीत हत्ती, गवा आणि रानडुक्कर होते. तिघेही फर्मचे जुने पक्षकार. त्यामुळे फारशी चर्चा करावी लागली नाही.

सत्कार खोकडरावांच्या दारातच ठरला. हत्ती शाल घेऊन आला. ती पांघरवायला म्हणून त्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि तुऱ्यांसकट अख्खं बीळ खचलं. पोरं बाहेर टाळ्या वाजवत होती म्हणून वाचली.

थंडी तर तोंडावर आलेली. हत्तीने नवं बीळ खणून द्यावं, एवढंच खोकडरावांचं मागणं होतं.

“माझ्या वकिलांशी बोला,” हत्ती म्हणाला.

“अहो, मीच तुमचा वकील!”

“मग सोपंच झालं की.”

खोकडराव कोर्टात गेले. समोर हत्तीच्या बाजूने त्यांचाच भागीदार मुंगूस उभा.

“राग मानू नका, साहेब,” तो हळूच म्हणाला. “आधी पक्षकार, हे तुम्हीच शिकवलंत.”

मग घसा खाकरून त्याने मोठ्याने विचारलं, “हत्तीला पाय असतात, हे आपल्याला ठाऊक होतं की नव्हतं?”

काय नेमका प्रश्न! क्षणभर खोकडरावांना अभिमानच वाटला. मग पोरं आठवली.

“होतं,” ते म्हणाले.

या वेळी कासवांनी मान आत घेतलीच नाही. निकाल तयार होता.

संध्याकाळी करवंदीच्या जाळीखाली खोकडरावांची पोरं कुडकुडत बसली होती. तेवढ्यात मुंगूस धावत आला.

“अभिनंदन, साहेब! आपली फर्म पुन्हा जिंकली. मुद्दा तुमचा, म्हणून तुराही तुमचाच.”

खोकडरावांनी सवयीने तुरा घेतला आणि दार शोधलं. दार नव्हतं.

“अगं, ऐकलंस का,” ते बायकोला म्हणाले, “आता हा खोचू कुठे?”

“धाकट्याच्या अंगावर घाला,” खोकडीणबाई म्हणाल्या. “तेवढीच ऊब.”

तात्पर्य: मुलांनो, मन लावून केलेलं काम कधीच वाया जात नाही. म्हणून काम करताना मन थोडं कमीच लावावं.