विमलअक्कांचे केस

आमच्या विमलअक्का डोक्यावर दुधाची रिकामी पिशवी घालून भाजी घ्यायच्या. पिशवीखाली मेंदी थापलेली असायची, तिचे ओघळ कानामागून मानेवर आलेले असायचे, आणि त्याच थाटात अक्का हातगाडीवाल्याला सुनावत असायच्या, "भरताची वांगी हिरवी दे. जांभळी माले देऊ नको." तो बिचारा खाली मान घालून वांगी निवडायचा. गल्लीतलं कोणी हसलंच तर अक्का म्हणायच्या, "हसा, हसा. तुमचंही पिकेल."

मी त्यांची शेजारीण शोभा. त्यातून पार्लरवाली. इथे जळगावात घराच्या पुढच्याच खोलीत माझ्या दोन खुर्च्या आणि एक आरसा. वीस वर्षं मी बायकांचे केस रंगवते, आणि वीस वर्षं माझ्या भिंतीपलीकडे ही बाई लोखंडी कढईत मेंदी भिजवत आली. डॉक्टरच्या दाराशी कोणी अंगारे वाटत बसलं तर डॉक्टरला राग येणार नाही? मला यायचा. खोटं कशाला बोलू, आठवलं की अजूनही येतो.

त्या कढईत काय नसायचं! मेंदी, चहाचं काळं पाणी, आवळ्याची पूड, काताचा खडा, आणि वर बाजारातल्या काळ्या मेंदीची दोन पाकिटं. दोन दिवस मुरवायचं आणि दर दुसऱ्या मंगळवारी डोक्यावर लिंपायचं. गल्लीभर वास. मी म्हणायची, "अक्का, त्या पाकिटावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते तरी वाचा." यावर त्यांचं एकच उत्तर ठरलेलं. "माले बठ्ठं माहीत शे."

जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. तिला सगळं माहीत असतंच. नवरा गेला, मुलगा परदेशात, पण फळ्यासमोर उभं राहायची खोड काही गेली नाही. माझी गिऱ्हाइकं फाटक उघडायच्या आत अक्का त्यांना अडवायच्या. "कशाला जातेस तिच्याकडे? तिच्या पार्लरमा बाया तरण्या जातस अन् म्हताऱ्या येतस." मी आतून ऐकत असायची. हातात कात्री असताना असलं ऐकणं बरं नव्हे.

एकदा ऐन मे महिन्यात धरणगावला लग्न होतं. आदल्याच दिवशी अक्कांनी कढई उपसलेली. मंगलाष्टकं सुरू झाली, मांडवात पंखे नुसते आवाज करत होते, आणि अक्कांच्या कपाळावरून काळी धार निघाली ती थेट नाकाच्या शेंड्यावर. पुढची धार ब्लाउजवर. मी रुमाल पुढे केला. अक्कांनी तो घेतला, तोंड पुसलं, काळा झालेला रुमाल मलाच परत दिला आणि म्हणाल्या, "तुझा रुमाल घाण आहे गं शोभे."

तर अशी बाई. हिच्यावर काय वाईट वेळ आली असेल, असं माझ्या मनात येणं शक्यच नव्हतं.

मध्यंतरी एक मंगळवार आला तो बिनवासाचा. मला वाटलं, अक्का आजारी आहेत की काय. पुढच्या आठवड्यात बुधवारी दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. डोक्यावरून कपाळापर्यंत पदर. अक्का आणि पदर! मी म्हटलं, "देवळात निघालात का?" त्या खुर्चीत बसल्या आणि पदर काढला.

देवा रे. खाली नारिंगी, मध्ये शेवाळी हिरवा, आणि मागे मक्याच्या कणसाची वाळकी शेंडी असते ना, तसे पिवळे. मी हात लावला तर केस हातात आले. नुसते गळले नाहीत, मधूनच तुटले. तुकडे माझ्या फरशीवर.

दुकानातून त्यांनी ब्लीचची पावडर आणली होती आणि आदल्या रात्री जेवणानंतर सगळ्या डोक्यावर थापली होती. वीस वर्षं कढईतलं लोखंड आणि पाकिटातले क्षार प्यायलेले ते केस. त्यावर ब्लीच पडलं की केस आतून तापतात, शिजतात म्हणा ना. हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात.

"डोकं तापलं नाही का?"

"तापलं. वाफ निघाली. मला वाटलं, काम करतंय."

"मग धुतलं का नाही लगेच?"

"रंग उतरला नव्हता. म्हणून आणखी एकदा लावलं."

मला हसू आलं. खरंच सांगते, पोटातून आलं. वीस वर्षांचं व्याज वसूल झाल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "कोणत्या मॅडमसारखं व्हायचं होतं अक्का? साठी उलटल्यावर सोनेरी केस? गल्लीला काय दाखवायचं होतं?" आणखीही बोलले. म्हातारचळ हा शब्दसुद्धा माझ्या तोंडून गेला. अक्का आरशात बघत ऐकून घेत होत्या. उलट उत्तर नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

मग मी कामाला लागले. एक बट ओली करून ताणली. चांगला केस ताणला की परत येतो. हा रबरासारखा लांबला आणि तुटला. मी सांगितलं, "यावर आता काहीही चालणार नाही. सहा आठवडे नुसतं तेल, आणि कंगवासुद्धा जपून. मग बिनअमोनियाचा तांबूस रंग हलकासा देऊन हिरवा झाकू, त्यावर काळा. आधी एका बटेवर करून बघू, मगच सगळीकडे."

"काळा नको," अक्का म्हणाल्या. "पांढरे कर. रविवारपर्यंत."

वीस वर्षांत या खुर्चीत बसून मला पांढरे केस मागणारी ही पहिली बाई. मी ओरडलेच. "अक्का, डोकं ठिकाणावर आहे का? काय लावलंय हे?"

तेव्हा त्या बोलल्या. आरशाकडे बघत, फळ्यावरचं गणित सांगावं तितक्याच कोरड्या आवाजात.

त्यांची थोरली बहीण कमल धुळ्याला असते, मुलाकडे. तिची आठवण गेली आहे. मुलगा, सून, कोणीच ओळखू येत नाही. महिनाभरापासून तिनं एकच धरलंय, आई भरवेल तरच खाईन. आईला जाऊन तीस वर्षं झाली. सून बिचारी रोज ताट घेऊन बसते, ही तोंड मिटून घेते. पार काडी झाली आहे. डॉक्टरांनी सांगितलं, सोमवारी नाकातून नळी घालू. आणि ती नळी उपसेल म्हणून हात पलंगाला बांधावे लागतील.

"मी आईसारखी दिसते," अक्का म्हणाल्या. "नाक, हनुवटी, सगळं. मागच्या वेळी आईचं जुनं लुगडं नेसून गेले. घास पुढे केला. तिनं तोंड उघडलं गं! अन् तेवढ्यात पदर सरकला. काळे केस बघितले अन् ताट लोटून दिलं. म्हणे, मनी आयना केस पांढरा शेतस. आईचे केस पांढरेच होते ना."

मी तुकडे झाडायला खाली वाकले. वर बघायची माझी टाप नव्हती. ज्या बाईला मी म्हातारचळ लागला म्हणाले, तिला फक्त म्हातारं दिसायचं होतं. माझी जीभ झडत का नाही, असं वाटलं.

"मला आधी का नाही विचारलंत?" मी म्हटलं.

"तू हसली असतीस."

हसलेच होते ना मी.

केस भांग पाडून पाहिले. तीन आठवडे कढई चढली नव्हती, त्यामुळे मुळाशी करंगळीच्या नखाएवढे स्वतःचेच केस आले होते. पांढरेशुभ्र. त्यांना ब्लीचनं काही केलं नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, पांढरे आहेत. पण वरचं सगळं काढावं लागेल. पोराच्या डोक्याएवढं राहील."

"काढ," त्या म्हणाल्या. मशीन लावलं तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

रविवारी पार्लर बंद ठेवून मी त्यांच्याबरोबर गेले. रविवार म्हणजे आमची सुगी, पण घरात बसवलं नसतं मला. एस.टी.त बसल्यापासून एरंडोल, पारोळा जाईपर्यंत अक्का ताठ बसलेल्या. मांडीवर डबा घट्ट धरलेला. त्यात मुगाची मऊ खिचडी.

धुळ्याला मागच्या खोलीत कमलअक्का पलंगावर टेकून बसल्या होत्या. आमच्या अक्का लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन समोर बसल्या. कपाळावर पांढऱ्या केसांची कड दिसत होती. घास केला. कमलअक्कांनी खूप वेळ पाहिलं. मग हात पुढे करून पदरच ओढला.

सून म्हणाली, "गेलं सगळं."

कमलअक्का त्या भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. पुढून मागे, मागून पुढे. मग म्हणाल्या, "विमल, तुना केस कोनी काप्यात? ताप उतरना का?"

दोन वर्षांत त्यांनी कोणाचंही नाव घेतलं नव्हतं.

लहानपणी अक्कांना मुदतीचा ताप आला होता, डोकं भादरलं होतं, आणि आईबाप मजुरीला गेले की कमलच या धाकटीला भरवायची, हे मला परतताना कळलं. त्या घटकेला मला एवढंच दिसलं, की सगळं माहीत असलेल्या आमच्या अक्कांच्या हातातला घास तसाच अधांतरी राहिला होता.

"खाय," कमलअक्का म्हणाल्या. त्यांनी डब्यात हात घातला, खिचडीचा घास केला आणि अक्कांच्या तोंडात दिला. अर्धी शितं लुगड्यावर. अक्कांनी तो गिळला आणि दुसरा घास त्यांच्यापुढे केला. "आते तू." कमलअक्कांनी तोंड उघडलं. एक हिचा, एक तिचा, असा अर्धा डबा संपला.

नळी टळली. किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

परतताना एस.टी.त अक्का म्हणाल्या, "शोभे, गावभर मी अक्का. विमल म्हणणारं ते एकच माणूस राहिलंय." आणि खिडकीकडे तोंड करून पारोळ्यापर्यंत रडल्या. मी त्यांचा डबा माझ्या मांडीवर घेतला. माझं बोलून झालं होतं.

आता दर तीन आठवड्यांनी त्या माझ्या खुर्चीत बसतात आणि मी मशीन फिरवते. केस वाढू द्यायचे नाहीत. आठवडाभर सून 'रविवारी विमलला भरवायचंय ना' म्हणत कमलअक्कांना चार घास घालते, आणि रविवारी अक्का धुळ्याला जातात. कमलअक्का डोक्यावरून हात फिरवून विचारतात, ताप उतरना का? उतरला म्हटलं तर कमलअक्का भरवायच्या थांबतील, आणि भरवायच्या थांबल्या तर खायच्याही.

म्हणून सदुसष्ट वर्षांच्या विमलअक्का दर रविवारी सांगतात, "नै कमल. आजून नै."